जखम सुकते की भरते?

राउंड संपला की नातेवाईक सिस्टरना गाठतात आणि विचारतात, ‘जखम कधी सुकेल?’ मराठीत बरं होणं म्हणजे सुकणं. ओली राहिली तर चिघळणार, हे गृहीतच. जुनाट जखमांबद्दल नर्सना काय शिकवलं गेलं, त्यात हा शब्द जितका आडवा आला तितकं दुसरं काही आलं नसेल.

जुन्या शिक्षणाला तो सोयीचाच होता. पहिल्या महायुद्धात आलेलं युसॉल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि बोरिक ॲसिडचं पाणी, वॉर्डांत कित्येक दशकं टिकलं. वर कोरडा गॉज. दुसऱ्या दिवशी तो ओढला की मेलेल्या मांसाबरोबर कोवळी त्वचाही निघायची. बेडसोरला, म्हणजे एकाच जागी पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेला, दिव्याचा शेक, आणि ‘बॅक केअर’ म्हणजे पाठीला स्पिरिट चोळून पावडर. लाल झालेल्या जागी चोळू नये हे आता सांगतात. तेव्हा न चोळणारी मुलगीच बोलणी खायची.

१९६२ साली इंग्लंडमध्ये डुकरांवर एक प्रयोग झाला. पॉलिथिनच्या पातळ पडद्याखालच्या जखमेवर उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगानं त्वचा आली. खपली असली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. ओलाव्यात त्या सरळ सरकतात. पुढच्याच वर्षी माणसांवरही तसंच दिसलं. ऐंशीच्या दशकात मुंबईत भाजलेल्या रुग्णांना उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग करून पाहिलं गेलं: ओल टिकते, चिकटत नाही, खर्च नगण्य. भाजल्याची जखम वेगळी, पण तत्त्व तेच.

तरी ‘मुंबईच्या दमट हवेत आणखी ओल कशाला?’ हा आक्षेप आजही ऐकू येतो. इथे गल्लत शब्दाची आहे. हवेतली ओल वेगळी, जखमेची स्वतःची वेगळी. कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या झाल्या तर ओल जास्त झाली. तळ कोरडा, चकचकीत दिसला तर कमी. शिवाय टाचेवरची घट्ट, कोरडी, काळी खपली, पू नसेल तर, कोरडीच ठेवायची. पायाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असेल तर ती भिजवणं महागात पडतं. म्हणजे ‘सुकवा’ चूक आणि ‘ओलं ठेवा’ बरोबर, इतकं ते सोपं नाही. कुठली जखम कोणत्या जातीची हे ओळखणं हेच खरं शिक्षण, आणि ते पाठांतरानं येत नाही. काही सिस्टर नातेवाइकांशी बोलताना ‘सुकतेय’ऐवजी ‘भरत आलीय’ म्हणतात. शब्द मराठीत होताच की!

मागे गेलं तर मुंबईतलं वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय १८९०चं. बधिर पायाला दुखत नाही, म्हणून माणूस चालत राहतो आणि व्रण खोल जातो, हे मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगानं दाखवलं. अशा पायाला अंगाबरोबर बसणारं प्लास्टर घालण्याची पद्धत दक्षिण भारत आणि सिलोनमधल्या कुष्ठकामातून पुढे अमेरिकेत मधुमेही पायांसाठी गेली.

बेडसोर किती वाढलाय हे सांगणाऱ्या पायऱ्या मात्र बाहेरून आल्या. पहिली पायरी म्हणजे दाबल्यावर न जाणारा लालसरपणा. सावळ्या कातडीवर तो सहज दिसत नाही. तिथे हात लावून ऊब, कडकपणा, दुखणं पाहावं लागतं, आणि वर्गातली चित्रं बहुतेक गोऱ्या पाठींची. २०१६ साली अमेरिकेत ‘प्रेशर अल्सर’चं ‘प्रेशर इंज्युरी’ झालं. वॉर्डात अजून बेडसोरच.

एक अडचण अभ्यासक्रमाच्या बाहेरची आहे. सार्वजनिक रुग्णालयांत ड्रेसिंग बऱ्याचदा ड्रेसर, म्हणजे पट्ट्या बदलणारा कर्मचारी, करतो. पट्टी सोडली की खाली काय आहे हे तो रोज पाहतो. सिस्टरच्या नोंदीत ‘ड्रेसिंग झालं’ एवढंच उरतं.