रुबार्ब (बेअर रूटपासून लागवड)

रुबार्ब ही थंड हवेतली वर्षानुवर्षं टिकणारी भाजी. जाड, आंबट देठांसाठी लावतात आणि घरच्या बागेत बहुतेक लोक बेअर रूट आणूनच लावतात, म्हणजे माती झटकून टाकलेला, सुप्तावस्थेतला गड्डा. कुळ पॉलिगोनेसी, आपला आंबट चुकाही त्यातलाच. फक्त चुक्याची पानं आपण खातो आणि रुबार्बची पानं विषारी असतात, एवढं आधीच डोक्यात पक्कं केलेलं बरं. काष्ठौषधींच्या दुकानात रेवाचिनी मिळते तीसुद्धा याच जातकुळीतली, पण तिचं मूळ औषधात जातं, भाजीचा रुबार्ब वेगळा.

बियांपासूनही येतो, पण रोपं आईसारखी निघतीलच असं नाही, लाल देठाच्या झाडाच्या बीपासून हिरवट देठांची रोपं सर्रास येतात, शिवाय वर्षभर जास्त थांबावं लागतं ते वेगळंच. म्हणून ऊस-हळदीसारखं इथेही बेणं लावायचं. जुना गड्डा फोडून केलेले तुकडे, प्रत्येकाला निदान एक ठसठशीत डोळा आणि मुळाचा बऱ्यापैकी भाग.

सगळ्यात मोठी अट थंडीची. हिवाळ्यात बरेच आठवडे पारा साधारण ४-५ अंशांच्या खाली राहिला की गड्ड्याची झोप पुरी होते आणि वसंतात जोरदार फुटतो. उन्हाळ्याची सरासरी २४ अंशांच्या वर गेली की देठं बारीक पडायला लागतात. म्हणून ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग ही याची खरी घरं, आणि पुण्या-नाशकात, अगदी महाबळेश्वरलासुद्धा, याचं बारमाही झाड टिकवायचा हट्ट करू नये. टेक्सास-फ्लोरिडासारख्या गरम भागात लोक बी पेरून हिवाळ्यापुरतं हंगामी पीक घेतात, तेवढाच मार्ग.

बेअर रूट हातात पडलं की पहिल्यांदा वाटतं फसवलं आपल्याला. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर पीट किंवा भुसा, त्यात सुकलेल्या सुरणाच्या फोडीसारखा तपकिरी तुकडा, खाली दोन-चार तुटकी मुळं. पण वरची बाजू निरखून बघितली तर कागदासारख्या पापुद्र्याखाली गुलाबी-लालसर डोळा दिसतो, तो टणक असला की काम झालं. गड्डा दाबल्यावर बोट आत जात असेल किंवा कुबट वास येत असेल तर सरळ परत करा. बुरशीचा हलका पांढरा थर मात्र पुसून टाकला तरी चालतो. लगेच लावायला जमणार नसेल तर थंड, सावलीच्या जागी ओलसर ठेवायचा, गरम स्वयंपाकघरात ठेवला तर पिशवीतच फुटून बसतो.

लागवड वसंताच्या सुरुवातीला, जमीन खणण्याइतकी मोकळी झाली की. जिथे हिवाळा फार कडक नसतो तिथे शरदातही. जागा विचार करून निवडा कारण झाड दहा वर्षं आणि त्याहून जास्तही तिथेच राहतं, एकेक झाड मीटरभर पसरतं, दोन झाडांत ७५ ते ९० सेंमी तरी अंतर हवं. ऊन भरपूर, किंवा थोडी सावली. खड्डा गड्ड्यापेक्षा ऐसपैस घ्यायचा, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मातीत मिसळायचं, ताजं शेण गड्ड्याला चिकटता कामा नये, सडतो. डोळे वरच्या अंगाला. खोलीबद्दल दोन मतं आहेत, अमेरिकेत डोळ्यांवर २ ते ५ सेंमी माती घालायला सांगतात, ब्रिटनमधे डोळा मातीच्या पातळीला किंवा किंचित वर ठेवतात. हा वाद मातीने सोडवायचा, हलकी निचऱ्याची जमीन असेल तर थोडं खोल, चिकण भिजट असेल तर वरच, किंवा सरळ वाफा उंच करा. रुबार्ब जास्त करून मरतो तो पाणी साचून गड्डा कुजल्यामुळे, थंडीने क्वचितच. माती हलकी दाबून पाणी द्यायचं, आच्छादन घालायचं पण डोळ्यांवर ढीग करायचा नाही.

पहिल्या वर्षी एकही देठ तोडायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण जूनपर्यंत छान पाच-सहा पानं आलेली असतात आणि हात शिवशिवतो, पण त्याच पानांच्या जोरावर गड्डा भरतो आणि पुढचं सगळं पीक त्या गड्ड्यावर अवलंबून. दुसऱ्या वर्षी थोडी, तिसऱ्यापासून मोकळ्या हाताने. देठ कापायचं नाही, बुडाशी धरून किंचित पिळत ओढायचं म्हणजे खांद्यापासून सुटून येतं, कापलं तर उरलेला ठोंब कुजतो. एका वेळी निम्म्याहून जास्त देठं काढायची नाहीत आणि उन्हाळ्याच्या मध्याला थांबायचं. फुलाचा दांडा दिसला की बुडातून काढून टाका, नाहीतर सगळी ताकद त्यात जाते.

पानांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधे टंचाईपायी ही पानं भाजी म्हणून खायचा सल्ला दिला गेला आणि त्यातून विषबाधा झाल्या. कंपोस्टात मात्र बिनधास्त टाका, कुजताना आम्ल मोडतं. देठांतही थोडं असतंच, मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून, आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नये.

जातींत ‘व्हिक्टोरिया’ जुनी आणि भरवशाची, १८३७ च्या सुमारास लंडनजवळच्या डेप्टफर्डच्या जोसेफ मायट यांनी बाजारात आणली, देठं बुडाशी लाल नि वर हिरवी. ‘टिंपर्ले अर्ली’ लवकर येते, ‘कॅनडा रेड’ लालभडक. लाल म्हणजे गोड असं काही नाही, हिरव्या देठाची चव तितकीच चांगली असते, पाई (आत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) तेवढी फिकी दिसते.

इंग्लंडात वेकफिल्ड, मॉर्ली, रॉथवेल या पट्ट्याला रुबार्ब ट्रँगल म्हणतात. तिथे गड्डे दोन वर्षं शेतात वाढवून, थंडी खाल्ल्यावर उपटून अंधाऱ्या गरम शेडमधे नेतात, उजेड नसल्यामुळे देठं कोवळी गुलाबी नि पानं पिवळी येतात, तोडणी मेणबत्तीच्या उजेडात. या यॉर्कशायर फोर्स्ड रुबार्बला २०१० मधे युरोपियन युनियनचं संरक्षित नाव मिळालं. घरी हेच करायचं तर हिवाळ्याच्या शेवटी जुन्या झाडावर मोठी बादली पालथी घालायची, पण नंतर त्या झाडाला पुढचं एखाद-दोन वर्षं विश्रांती द्यायची. नव्या बेअर रूटवर हा प्रयोग करू नये.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत १९४७ साली कस्टम्स कोर्टाने रुबार्ब फळ ठरवलं, कारण लोक ते फळासारखं वापरतात आणि फळांवर जकात कमी होती. परदेशातल्या मराठी घरांत मात्र ते बऱ्याचदा कैरीच्या जागी जातं, वरणात, चटणीत, गूळ-मेथ्या घालून मेथांब्यात. फोडी दोन मिनिटांत विरघळतात म्हणून शेवटी घालायच्या.

पाच-सहा वर्षांनी देठं बारीक नि गर्दी जास्त दिसायला लागली की शरदात किंवा वसंताच्या तोंडावर गड्डा उकरून धारदार फावड्याने फोडायचा, प्रत्येक तुकड्याला डोळा ठेवायचा, मधला कुजका भाग फेकून द्यायचा. बाहेरच्या बाजूचे तुकडे जोमदार असतात, ते स्वतःला ठेवा, बाकीचे शेजाऱ्यांना. चार माणसांच्या घराला दोन-तीन झाडं रग्गड होतात.