चिठ्ठ्या टाकून दिलेला आरोग्य विमा

२००८ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने एक सोडत काढली. आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी. बक्षीस होतं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात प्रवेश. पैसे सुमारे १० हजार जागांपुरते होते आणि नावं आली जवळपास ९० हजार.

उपचारासाठी नशीब आजमावायचं, हे ऐकायलाच वाईट वाटतं. पण एका जुन्या प्रश्नाचं उत्तर याच सोडतीतून मिळण्यासारखं होतं. विमा दिला की माणसाची तब्येत खरंच सुधारते का? विमा असलेले आणि नसलेले शेजारी-शेजारी उभे करून हे कळत नाही. आजारी माणूस धडपड करून विमा मिळवतो, त्यामुळे विमेवाले जास्त आजारी दिसतात. बऱ्या नोकरीसोबत विमा आपोआप येतो, त्यामुळे तेच जास्त धडधाकटही दिसतात. दोन्हीकडून फसगत. चिठ्ठीला मात्र कोण आजारी, कोण कमावता हे ठाऊक नसतं. म्हणून एमी फिंकेलस्टाईन आणि कॅथरीन बेकर या अर्थशास्त्रज्ञांच्या चमूने नंबर लागलेल्यांचा आणि न लागलेल्यांचा माग काढला.

एक गंमत आधी सांगायला हवी. नंबर लागलेल्यांपैकी जेमतेम तीस टक्क्यांच्या हातात विमा पडला. बाकीच्यांनी अर्ज भरून परत पाठवलाच नाही, किंवा ते उत्पन्नाच्या अटीत बसले नाहीत. सरकारी कागद सगळीकडे सारखाच!

सुमारे दोन वर्षांनी पोर्टलंड परिसरातल्या १२ हजारांवर लोकांना तपासलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. बोटाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर टिपले, वाळवले आणि त्यावरून कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर काढली. तिन्हींत ठोस म्हणावा असा फरक सापडला नाही. विम्याच्या विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं.

पण त्याच अहवालात आणखी बरंच काही होतं. विमा मिळालेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण शंभरामागे सुमारे ९ जणांनी उतरलं होतं. दवाखान्यापायी कंबरडं मोडावं असा खर्च जवळजवळ नाहीसाच झाला होता. मधुमेहाचं निदान वाढलं, औषधंही जास्त घेतली गेली. आणि डॉक्टर परवडला की लोक तातडीच्या विभागात कमी जातील, हा भल्याभल्यांचा होरा साफ चुकला. पुढे निघालेल्या वेगळ्या अहवालात तिथल्या फेऱ्या ४० टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या.

मग साखर का उतरली नाही? विम्याविना राहिलेल्या गटातही मधुमेहाच्या हद्दीपलीकडची साखर शंभरात पाचेक जणांचीच होती. बारा हजारांतून विमा मिळालेले वेगळे काढा, त्यातून हे पाचेक टक्के निवडा, त्यातही गोळ्या नियमित घेणारे शोधा, उरतात मूठभर. त्यांच्यात झालेली सुधारणा एवढ्या गर्दीत हरवणारच. फरक दिसला नाही याचा अर्थ फरक झालाच नाही असा होत नाही. माझ्या मते या अभ्यासाचं वाचन इथेच सर्वांत जास्त चुकलं.

छोटा फरकही दिसावा इतकी माणसं पुढे दुसऱ्या एका अभ्यासाला मिळाली, तीही अपघातानेच. विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्या ३९ लाख अमेरिकी कुटुंबांना करखात्याने विमा कसा घ्यायचा हे सांगणारी पत्रं पाठवली. सगळ्यांना पाठवायला पैसे पुरेनात, म्हणून काहींना चिठ्ठ्या टाकून वगळलं. विमा नसलेल्या ४५ ते ६४ वयाच्या ज्यांना पत्र गेलं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत दर १,६४८ माणसांमागे एक मृत्यू टळला. नुसत्या एका पत्राने!

असाच मोठा प्रयोग आपल्या शेजारी कर्नाटकातही झाला. दारिद्र्यरेषेच्या वरच्या कुटुंबांना रुग्णालयात भरती होण्यापुरता विमा देऊ केला. फुकट मिळाला तेव्हा सुमारे ७९ टक्क्यांनी घेतला, विकत होता तेव्हाही ६० टक्क्यांनी. पण वापरायची वेळ आली तेव्हा अनेकांना तो वापरता आला नाही. तब्येतीतही नोंद घ्यावा असा फरक आढळला नाही. मात्र गावात विमा देऊ केलेली घरं जितकी जास्त, तितका तो वापरलाही जास्त गेला. लोक एकमेकांचं बघून शिकत असावेत.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व कुटुंबांसाठी खुली आहे, मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये. पण तीही मुख्यतः भरती झाल्यानंतरच्या उपचारांची. रोजची रक्तदाबाची गोळी आपल्याच खिशातून.

माझ्या मावशीचं या योजनेचं कार्ड लॅमिनेट करून देव्हाऱ्याखालच्या डब्यात जपून ठेवलेलं होतं. ती दवाखान्यात होती तेव्हा घरात कुणालाच त्याची आठवण झाली नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजीच्या सुनेने विचारलं, "तुम्ही योजनेच्या आरोग्यमित्राला नाही भेटलात? खालीच बसतो की, औषधाच्या दुकानाशेजारी." आमचा डिस्चार्जचा दिवस होता तो, आणि बिल भरून झालं होतं.