मायकोबॅक्टेरियम मरिनमचा संसर्ग

क्षयरोगाच्या जंतूशी जवळचे नाते असलेल्या, पण पाण्यात राहणाऱ्या एका संधिसाधू जंतूमुळे त्वचेला आणि काही वेळा कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर), सांधे व हाडे यांना होणारा चिवट विकार. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील समुद्री माशांमध्ये जोसेफ अ‍ॅरन्सन यांनी १९२६ साली हा जंतू ओळखला. माणसातील रोगाचे कारण म्हणून तो १९५१ मध्ये स्वीडनमधील एका पोहण्याच्या तलावामुळे पुढे आला. तलावांत क्लोरीन वापरणे रूढ झाल्यावर तो मार्ग बराचसा बंद झाला. आता घरातील माशांची टाकी धुणे किंवा मासळी साफ करताना काटा लागणे, ही नेहमीची कारणे आहेत.

हा जंतू सुमारे ३० अंश सेल्सिअसला जोमाने वाढतो आणि ३७ अंशांना त्याची वाढ मंदावते. बोटे, मनगट, कोपर असे तुलनेने थंड भागच तो का धरतो, हे त्यावरून कळते. खरचटल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी, तेथे फारशी न दुखणारी जांभळट गाठ येते, ती कधी चिघळते आणि लसीकावाहिन्यांच्या (ऊतींमधील लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांच्या) वाटेने हातावर खालून वर नव्या गाठी उठतात. नमुना फक्त ३७ अंशांवर ठेवल्यास प्रयोगशाळेत बहुधा काहीच उगवत नाही. म्हणून डॉक्टरांनी संशय प्रयोगशाळेला आधीच कळवणे आवश्यक असते. माशांच्या टाकीविषयी मात्र रुग्णाला कोणी विचारत नाही, आणि निदान बहुतेकदा तेथेच रखडते. क्षयरोगाची त्वचाचाचणीही होकारार्थी येऊ शकत असल्याने भारतात गल्लत सहज होते.

ही गल्लत महागात पडते, कारण क्षयरोगावरील आयसोनियाझिड व पायराझिनामाइड या औषधांना हा जंतू दाद देत नाही. वरवरच्या एखाद्या गाठीला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांपैकी एक औषध पुरू शकते. पसरलेल्या रोगात क्लॅरिथ्रोमायसिनसोबत एथॅम्ब्युटॉल आणि हाड वा सांधा बाधित असल्यास रिफॅम्पिसिनही देतात. मात्र रिफॅम्पिसिनमुळे रक्तातील क्लॅरिथ्रोमायसिनचे प्रमाण घटते, तर एथॅम्ब्युटॉल चालू असताना दृष्टी व रंगांची ओळख तपासत राहावी लागते. गाठी मावळल्यानंतरही एक-दोन महिने औषधे चालू ठेवतात. एकूण उपचार साधारण तीन-चार महिने, तर सांध्याच्या विकारात त्याहून बराच अधिक काळ चालतो. कंडरावरणात किंवा सांध्यात रोग शिरला असेल, तर शस्त्रक्रियेने बाधित ऊती काढाव्या लागतात. सुजलेले बोट संधिवाताचे समजून त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास संसर्ग खोलवर पसरतो.