संयुक्त पाहणी (शहर वाहतूक)

कोंडी होणाऱ्या चौकात संबंधित सर्व खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकाच वेळी जाऊन, मोजमाप घेऊन जागेवरच उपाय ठरवण्याची महाराष्ट्रातील शहरांत रुळलेली पद्धत. तिची गरज पडते, कारण चौक एकच असला तरी त्यावर अधिकार अनेकांचा असतो. पुण्यात रस्ता, पदपथ आणि दुभाजक महापालिकेच्या पथ विभागाकडे, बसथांबे पीएमपीएमएल या शहर बससेवेकडे, सिग्नलच्या फेऱ्यांचे नियमन पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे आणि विजेचा खांब महावितरणचा. सिग्नलच्या दिव्यावर आलेली फांदी छाटायची तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे उद्यान विभागाला बोलवावे लागते. फेरीवाल्यांना हलवताना 2014 चा फेरीवाला कायदा लागू होतो. महामार्गाचा भाग आला की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणही त्यात येते.

पाहणी गर्दीच्या वेळीच व्हायला हवी. दुपारी तीन वाजता सगळे अधिकारी मोकळे असतात, पण चौकही मोकळा असतो आणि तेव्हा घेतलेले निर्णय बहुतेक चुकतात. आधी प्रत्येक बाजूची रांग मोजतात : हिरवा दिवा संपल्यावर किती वाहने मागे राहिली आणि रांग मागच्या चौकापर्यंत पोहोचते का. मग टेपने रस्त्याची वापरात असलेली रुंदी घेतात. नकाशावरची रुंदी इथे उपयोगाची नाही. सिग्नलजवळ प्रत्येक मीटर रुंदीतून हिरव्या दिव्याच्या तासाला (दिवा तासभर सतत हिरवा आहे असे धरून) ढोबळमानाने 525 कार-एकके (सर्व वाहने कारच्या मापात मोजून) जातात. नऊ मीटर रुंदीच्या बाजूने 4,725, तर कडेला रिक्षा उभ्या राहून सातच मीटर उरले की 3,675. या बाजूला सिग्नलच्या 120 सेकंदांच्या फेरीत 30 सेकंद हिरवा असेल, तर प्रत्यक्ष तासाला सुमारे 260 एककांची तूट पडते. तेवढी गर्दी फक्त रिक्षांची रांग मागे नेल्याने मोकळी होऊ शकते. अशा चौकात उड्डाणपुलाची मागणी करण्याआधी हा हिशेब मांडलाच पाहिजे.

बसथांब्याचाही असाच हिशेब असतो. एका वेळी तीन बस लागत असतील तर 12 मीटरप्रमाणे 36 मीटर आणि मधली अंतरे एवढी जागा लागते. ती नसेल तर तिसऱ्या बसची शेपटी चौकात राहते आणि आडवी वाहतूक अडते. थांबा चौकाच्या पुढे सरकवायचा की मागे, हे बसचालक आणि चौकातला अंमलदार यांना विचारूनच ठरवावे. दुभाजकातील पंक्चर (वळण्यासाठी ठेवलेली मोकळी जागा) बंद करायचे असेल तर आधी बॅरिकेड लावून आठवडाभर चाचणी घेतात, कारण तिथले वळण बंद झाले की तोच भार पुढच्या यू-टर्नवर जातो. मान्य झालेली रेषा तिथल्या तिथे फक्कीने मारली की इतिवृत्त लिहिताना वाद उरत नाही.

एकेरी मार्ग, अवजड वाहनांना बंदी असे बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली करतात. बंदी एक महिन्यापर्यंतची असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. चाचणीसाठी ही मुदत सोयीची ठरते.

बिघाड बहुधा पाहणीनंतर होतो. इतिवृत्तात ‘संबंधित विभागाने कार्यवाही करावी’ एवढेच असते. अधिकाऱ्याचे पद, तारीख आणि खर्चाचे लेखाशीर्ष नसते. फलक आधी लागतो आणि रस्त्यावरचे पट्टे महिन्यांनी येतात, तोवर चालक जुन्याच सवयीने वळतात. खोदाईची परवानगी देताना वाहतूक शाखेला विचारलेले नसले, तर दोन समांतर रस्ते एकाच आठवड्यात खणले जातात. चर बुजवताना थर देऊन धुम्मसने ठोकून घट्ट केला नाही, तर पहिल्या पावसात तो खचतो. दुचाकी तो चुकवायला आत सरकतात आणि चांगली मार्गिका असूनही वापरात राहत नाही.

खात्यांत मेळ नसल्याची किंमत अंधेरीत दिसली. 3 जुलै 2018 रोजी गोखले पुलाचा काही भाग रेल्वे रुळांवर कोसळला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पूल पूर्ण बंद झाला. नव्या पुलाची रुळांवरची उंची रेल्वेच्या निकषांप्रमाणे वाढली. त्याला जोडणारा महापालिकेचा बर्फीवाला उड्डाणपूल मात्र जुन्याच पातळीवर होता. 26 फेब्रुवारी 2024 ला गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा दोन्ही पूल एकमेकांना जुळले नाहीत. अखेर बर्फीवालाचा जोडभाग जॅकने एका बाजूला 1,397 आणि दुसऱ्या बाजूला 650 मिलिमीटर उचलावा लागला. ही जोडणी जुलै 2024 मध्ये वाहनांसाठी खुली झाली. तोपर्यंत वाहने खालच्या रस्त्यांवरच उतरत होती.