सगळ्यांसाठी एकच, की सगळ्यांना समान?

२००८ साली पश्चिम लंडनमधल्या ईलिंग कौन्सिलने ठरवलं, की घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या मदतीचा पैसा यापुढे भागातल्या सगळ्याच बायकांना सेवा देणाऱ्या एका संस्थेला द्यायचा. ऐकायला किती रास्त! पण त्यात याच भागातल्या साउथॉलमधल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’चं अनुदान जाणार होतं. ही संस्था १९७९ पासून आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन बायकांच्या पाठीशी उभी आहे.

‘सरसकट सेवा’ आणि ‘समान सेवा’ यांची गल्लत होते ती इथे.

सरसकट सेवेत दार सगळ्यांना उघडं असतं. समान सेवेत आधी बघतात, दारापर्यंत पोचणार कोण. समजा, लग्न होऊन पुण्याहून साउथॉलला आलेली एक मुलगी. नवरा मारतो, पासपोर्ट सासूच्या कपाटात. इंग्रजी दुकानात चालतं, पण अंगावरच्या वळांबद्दल बोलायला ते पुरत नाही. त्यात व्हिसाची अट: सरकारी भत्ते मिळणार नाहीत. ब्रिटनमधल्या आश्रयगृहांचा खर्च मुख्यतः घरभाड्याच्या सरकारी भत्त्यातून निघतो. भत्ता नाही, म्हणजे बहुतेक ठिकाणी खोली नाही. तिला परत पाठवणाऱ्याच्या मनात पाप नसतं, नियम सगळ्यांना एकच असतो. मला तेच जास्त टोचतं.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्सची मदत घेणाऱ्या दोघी कौन्सिलविरुद्ध हायकोर्टात गेल्या. सुनावणी चालू असतानाच कौन्सिलने माघार घेतली. तरीही न्यायमूर्ती मोझेस यांनी निकालात नोंदवलं, की अल्पसंख्य समाजासाठीची खास सेवा आणि सामाजिक एकोपा यांत विरोध नाही, एकोप्यासाठीच समानता लागते.

दोन वर्षांत सरकारी काटकसर आली आणि ‘एकच मोठी संस्था स्वस्त पडते’ हा हिशेब जागोजागी मांडला जाऊ लागला. मग बायका रस्त्यावर उतरल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये अशा सेवांच्या पैशातल्या कपातीविरुद्ध लढणाऱ्या ‘सिस्टर्स अनकट’ या गटाच्या कार्यकर्त्या लेस्टर स्क्वेअरला एका सिनेमाच्या प्रीमियरला लाल गालिच्यावर आडव्या झाल्या. याला कुणी ‘वेगळं काहीतरी मागणं’ म्हणतं तेव्हा वाईट वाटतं. त्या मागत होत्या ते इतर बायकांना आधीच मिळत होतं.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्सच्या बायकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, म्हणून २०१२ मध्ये एक सवलत आली. ब्रिटिश किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या नवऱ्याच्या छळातून बाहेर पडलेल्या बायकोला तीन महिने भत्ते मिळू लागले. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला मात्र त्यातून वगळलं. पुण्याहून आयटीच्या नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मुलाची बायको याच गटात होती.