रातांब्याची चुलत बहीण

वैशाखात आमच्या दापोलीकडच्या घराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. रातांबे (कोकमाची फळं) फोडायचे, सालं वेगळी करायची, गराच्या रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. चार-पाच पुटं बसली की सोलं काळी होतात आणि आत्याची बोटं जांभळी. यंदा ऐन कामात भाचीने मोबाइल पुढे केला. "आजी, वजन उतरवायच्या गोळ्या, आणि त्या आपल्या कोकमाच्या!" आत्या मान वर न करता म्हणाली, "जन्मभर सोलकढी प्यायल्ये, मग मी अशी कशी गो?"

गोळ्या कोकमाच्या नव्हत्या, पण नात्यातल्या होत्या. आपला कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. गोळीत होती गार्सिनिया कंबोजिया, केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी. दोघांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. शरीर जादा साखरेची चरबी करतं, त्या वाटेवरच्या एका विकराला (एन्झाइमला) हे आम्ल अडवतं. कागदावर हिशेब झकास. अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर १२ आठवडे तो तपासला, निष्कर्ष १९९८ साली छापून आले. काहींना अर्क, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. वजन दोन्ही गटांचं उतरलं, कारण जेवण सगळ्यांचंच बेताचं होतं. अर्कवाल्यांचं जास्त उतरलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर पैसेच गेले असते. पण अशा गोळ्यांनंतर लिव्हर सुजलेले रुग्ण जगभर नोंदले गेले आहेत.

आतड्यातून शोषलेलं जवळपास सगळं आधी यकृताच्या नाक्यावर येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश आतड्याकडूनच येतं. तिथली विकरं आलेल्या मालाची मोडतोड करतात. एखादा तुकडा मूळ पदार्थापेक्षा तापट निघतो, पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो, आणि काही जणांची प्रतिकारशक्ती त्या पेशींनाच परकं समजून त्यांच्यावर तुटून पडते. काही जणांची, सगळ्यांची नव्हे. 'एचएलए-बी*३५:०१' नावाची एक जनुकीय खूण अशा रुग्णांत वारंवार सापडते: गार्सिनियाच्या गोळ्यांनंतर, ग्रीन टीच्या अर्कानंतर, हळदीच्या गोळ्यांनंतरही. अमेरिकेतल्या एका पाहणीत हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले १० रुग्ण होते, त्यातल्या ७ जणांत ही खूण निघाली. आमटीतली हळद फारशी शोषलीच जात नाही. गोळीत मात्र अनेकदा मिरीतलं पिपरिन घालतात, आणि त्याने हळदीतलं कर्क्युमिन २० पटींपर्यंत जास्त शोषलं गेल्याचं माणसांत दिसलं आहे. म्हणजे "शेजारणीने सहा महिने घेतल्या, तिला काही झालं नाही" हा शेजारणीपुरता पुरावा. तुमच्या अंगात ती खूण आहे की नाही, हे शेजारणीला कुठून कळणार?

उलट्या बाजूनेही अनुभव असाच फसवतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की वाडीत कावीळ येते, आणि कुणीतरी पहाटे उपाशीपोटी भुईआवळी वाटून ताकातून देतं. महिनाभरात डोळे निवळतात. पण दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची तेवढ्या काळात आपसूकच उतरते (गरोदरपणातली ई मात्र जिवावर बेतू शकते). भुईआवळी बिचारी आयत्या वेळी हजर असते, एवढंच. तिची खरी परीक्षा 'बी' विषाणूवर झाली. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ही भुकटी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. बिनऔषधी गटात २३ पैकी एकाचीच गेली होती. केवढी आशा लागली असेल! पुढे इतरांनी करून पाहिलं, तेव्हा ते जमलं नाही. मला या गोष्टीत भुईआवळीची बदनामी दिसत नाही. तिला निदान कुणीतरी रीतसर तपासलं. बाजारातल्या कितीतरी 'लिव्हर टॉनिक'च्या वाट्याला तेवढंही येत नाही.

डॉक्टर विचारतात, "औषधं कुठली चालू आहेत?" आपण म्हणतो, "काही नाही." काढा, चूर्ण, ऑनलाइन मागवलेली डबी आपल्या लेखी औषधात जमाच नसते. लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, जेवणावरची वासना गेली, तर गोळ्या लगेच बंद करायच्या आणि ती डबीच डॉक्टरांपुढे ठेवायची.

भाचीच्या मोबाइलवर डबीची मागची बाजू मोठी करून वाचली. मुंगीएवढ्या अक्षरांत गार्सिनिया, ग्रीन टीचा अर्क, हळद, मिरी. आत्याने चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "यात कोकम कुठाय?"