तलावातील पाण्याचे नमुना संकलन

तलावाच्या पाण्याचा थोडा अंश ठरलेल्या जागेवरून व ठरलेल्या खोलीवरून, त्याचे गुणधर्म बदलू न देता बाटलीत घेणे आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेत पोचवणे, याला नमुना संकलन म्हणतात. बाटली भरताना झालेली चूक पुढे कोणत्याही यंत्राला दुरुस्त करता येत नाही.

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे जमीनदार) तलाव, म्हणजे बोलण्यातले ‘मामा तलाव’, गावोगाव आहेत. त्यांच्या उभारणीत कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. एकाच तलावावर धानाचे ओलित, ढिवरांची मासेमारी, शिंगाड्याची लागवड, गुरांचे पाणी आणि धुणे चालते. त्यामुळे घाटाच्या पायरीवरून भरलेली बाटली फक्त घाटाची हकिकत सांगते. वरच्या बांध्यांतले, म्हणजे धानाच्या शेतांतले, खतमिश्रित पाणी नाल्याने जिथे येते ती जागा, तलावाचा मध्य आणि पाणी बाहेर सोडण्याचे तोंड, एवढ्या ठिकाणांचे नमुने तरी हवेत. मध्यावर जाण्यासाठी ढिवराचा डोंगा उपयोगी पडतो. गाळ कुठे आहे, पाणी कुठे खोल आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते; त्याला विचारूनच जागा ठरवाव्यात.

बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून, तोंड खाली करून पृष्ठभागाखाली सुमारे 30 सेंमी. नेतात आणि तिथे वळवून भरतात. वरचा तवंग व तळाचा गाळ आत येता कामा नये. उथळ मामा तलावांत एवढे बहुधा पुरते. गोसीखुर्द धरणासारख्या खोल जलाशयात निरनिराळ्या खोलीवरचे पाणी वेगळे असू शकते, म्हणून दोरीने सोडून हव्या खोलीवर बंद होणारे उपकरण लागते.

जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक असते. ती विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या भागाला बोट लावायचे नाही आणि काठोकाठ भरायचीही नाही. ती बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत, फार तर 24 तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. दुर्गम गावात खरी अडचण इथेच येते. एसटीची वेळ आणि बर्फाची सोय आधी पाहूनच तलावावर उतरावे. धातूंच्या तपासणीसाठी नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात.

विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना सर्वांत नाजूक. 300 मिली.ची काचेची बाटली बुडबुडा न राहता भरून तलावाच्या काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही द्रावणे घालतात. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. 30 अंश सेल्सियसला पाण्यात साधारण 7.5 मिग्रॅ. प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. पण शेवाळ माजलेल्या तलावात दुपारी तो याहून वाढतो आणि पहाटे इतका घटतो की मासे वर येऊन तोंड उघडतात. म्हणून दुपारच्या एका नमुन्यावरून तलाव चांगला ठरवणे धोक्याचे आहे. मत्स्यसंवर्धनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार किमान 4 मिग्रॅ. प्रतिलिटर ऑक्सिजन लागतो. पाण्याचे तापमान आणि सामू जागेवरच मोजतात. गढूळपणाचा अंदाज सुमारे 20 सेंमी. व्यासाची सेकी तबकडी दोरीने खाली सोडून घेतात: ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची.

बाटलीवर तलावाचे नाव, जागा, खोली, तारीख व वेळ लिहितात. आदल्या दिवशीचा पाऊस, पाण्याचा रंग, वास आणि बेशरम नावाचे झुडूप वा जलपर्णी यांची वाढ वहीत टिपतात. बुलडाणा जिल्ह्यातील खारट, अल्कधर्मी लोणार सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा त्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. रंग मीठप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचा निघाला. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. अशी बाटली न हलवता वरवरचे पाणी तपासले असते, तर रंगाचे कारण तळाशीच राहिले असते.